बोगद्यात थांबत नाही

१

वसुधाबाईंची स्कूटी कोपऱ्यावरच्या गुलमोहराला वळसा घालून दिसेनाशी झाली, की भालचंद्र नेवासकरांचा स्वतःचा दिवस सुरू व्हायचा. तोवरचा वेळ बायकोचा. तिचा डबा भरणं, हरवलेला चष्मा तिच्याच पर्समधून शोधून देणं, फाटक उघडून धरणं, ही कामं ते मनापासून करत. छत्तीस वर्षं कारखान्यात रेल्वे इंजिनांच्या मोटरी तपासून ते निवृत्त झाले होते. वसुधाबाईंची टाउनशिपच्या शाळेतली नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती, म्हणून हिंदी मुलखातल्या पिपलानीतलं कारखान्याचं क्वार्टर आता बाईंच्या नावावर झालं होतं. "मी या मास्तरणीचा पोटभाडेकरू," असं नेवासकर आल्यागेल्याला सांगत आणि वसुधाबाई दर वेळी नव्याने हसत.

मुलगी कांचन लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिची अभ्यासाची मागची खोली रिकामी झाली. तिथे नेवासकरांनी प्लायवूडचं मोठं टेबल ठोकलं आणि त्यावर रूळ मांडले. बोटभर रुंदीचे रूळ, टेबलभर फिरणारा एक लांबट फेरा, या बाजूला एक छोटा प्लॅटफॉर्म आणि त्या बाजूला डोंगर. डोंगर वसुधाबाईंनी केलेला. कांचन लहान असताना त्या दर दिवाळीत अंगणात किल्ला करायच्या; त्याच हातांनी त्यांनी जाळी, जुनी वर्तमानपत्रं आणि प्लॅस्टर लावून हा डोंगर उभा केला. खालून आरपार बोगदा. डोंगर नुसता ठेवलेला होता. गाडी आत घसरली तर दोन हातांनी उचलून बाजूला करता यायचा.

गाड्या मात्र जुन्या घ्याव्या लागत. नव्या परदेशी, परवडायच्या नाहीत. कुणीतरी हौसेने घेतलेल्या आणि मग नको झालेल्या गाड्या इंटरनेटवर लिलावाला येत, त्यांवर नेवासकर बोली लावत आणि बहुतेक वेळा फसत. फोटो एका बाजूचा असायचा, दुसरी बाजू तुटलेली निघायची. 'मोटर दमदार' असं लिहिलेल्या एका इंजिनात तर मोटरच नव्हती. त्या दिवशी वसुधाबाई इतक्या हसल्या, की शेवटी नेवासकरांनाही हसू आलं. तेव्हापासून त्यांनी एका डायरीत या वर्णनांचा कोशच करायला घेतला होता. 'किरकोळ खरचटलेली' म्हणजे जिन्यावरून पडलेली. 'तपासून पाहिलेली नाही' म्हणजे तपासली, चालली नाही. 'दुर्मीळ' म्हणजे कोणालाच नको असलेली.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी वसुधाबाई मेथी निवडत होत्या आणि नेवासकर कॉम्प्युटरवरून मोठ्याने वाचत होते.

"हे ऐक. इंजिन आणि पाच डबे. एकाच घरात वापरलेली. पाचही डबे मूळचे. आवाज अगदी कमी. बोगद्यात थांबत नाही."

"काय नाही?"

"बोगद्यात थांबत नाही."

वसुधाबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "हे तुम्ही विचारलं होतंत का त्यांना?"

"मी कशाला विचारू? कुठलीच गाडी थांबत नाही बोगद्यात."

"वर्गात एखादं पोर आल्या आल्या म्हणालं ना, बाई, मी खडू घेतला नाही, की मी आधी त्याचा खिसा बघते."

नेवासकरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते डायरीत टिपून ठेवलं. आणि तरीही बोली लावली. दुसऱ्या कुणीच लावली नव्हती.

२

पार्सल आलं ते अमरावतीहून. कुरिअरवाला म्हणाला, "अंकल, बहुत सँभालके पैक किया है किसी ने," आणि ते खरंच होतं. प्रत्येक डबा मऊ सुती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला. तुकडे एकाच लुगड्याचे, मोरपंखी रंगाचे, धुऊन धुऊन विरलेले.

नेवासकरांनी सवयीने खोट शोधायला घेतली आणि त्यांना ती सापडेना. चाकं स्वच्छ, रंग शाबूत. एकच गोष्ट. चार डबे उलटे केले की तळाला बनवणाऱ्याची खूण उठवलेली दिसायची. पाचव्याचा तळ गुळगुळीत होता. आणि इतर डब्यांच्या खिडक्या स्वच्छ असताना पाचव्याच्या दुधी होत्या, आतून श्वासाची वाफ धरल्यासारख्या. म्हणजे एक डबा बदललेला होता. 'पाचही मूळचे' ही थाप होती तर. एवढ्या चांगल्या गाडीसोबत एवढी थाप नेवासकरांनी उदार मनाने माफ केली.

गाडी काय चालायची! रेग्युलेटर जरा फिरवला की पाण्यावर सोडल्यासारखी सुटायची. दोनला वसुधाबाई शाळेतून आल्या, उभ्या उभ्या दोन घास खाल्ले आणि तिपाई ओढून टेबलाच्या कडेवर हनुवटी ठेवून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या गाड्या कौतुकाने, पण दारातून पाहिल्या होत्या.

"कुठे चालली असतील हो माणसं?"

"रिकामी आहे ती."

"तुम्हाला तसं वाटतं," त्या म्हणाल्या आणि गाडी डोंगराखाली शिरून पलीकडून बाहेर येईपर्यंत डोळे मिचकावायचं विसरल्या.

३

चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास पहिली चूक झाली.

बोगदा सत्तर सेंटिमीटर लांब होता आणि गाडी एक मीटर तीस. त्यामुळे शेवटचा डबा डाव्या तोंडाशी असायचा तेव्हा इंजिन उजव्या तोंडातून केव्हाच बाहेर आलेलं असायचं. डोंगराच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी गाडी, असंच नेहमी दिसायचं. लांब माणूस आखूड पलंगावर झोपला की पाय बाहेर राहतात, तसं.

त्या सकाळी नेवासकर चहाचा कप घेऊन उभे होते. इंजिन आत गेलं. पहिला डबा गेला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा डबा गेला आणि टेबल रिकामं झालं.

सगळी गाडी आत होती.

दुसऱ्याच क्षणी इंजिन उजवीकडून बाहेर आलं, मागून डबे आले, आणि फेरा चालू राहिला. नेवासकरांनी कप खाली ठेवला. त्यांनी आणखी वीस फेरे पाहिले. ते सगळे बरोबर होते. तरी टेप आणून त्यांनी बोगदा मोजला, गाडी मोजली, पुन्हा बोगदा मोजला. मग स्वतःशीच म्हणाले, "भालचंद्र, डोळे तपासून घे."

आणि खरंच जाऊन डोळे तपासून आले. चष्म्याचा नंबर तोच होता.

४

कारखान्यात त्यांची शिस्त अशी होती, की मोटरीबद्दल कुणी म्हणालं 'काहीतरी वेगळं वाटतं', तर ते म्हणत, 'वाटणं मला मोजून दाखव.' आता त्यांनी स्वतःलाच तसं सांगितलं आणि कपाटातून जुनं स्टॉपवॉच काढलं. शेवटचा डबा आत गेल्यापासून इंजिन बाहेर येईपर्यंतचा वेळ. हा वेळ असायलाच नको होता. बुधवारी तो एक सेकंद होता, गुरुवारी चार, शुक्रवारी अकरा. शनिवारी वसुधाबाई शाळेत असताना गाडी दोन मिनिटं आत राहिली.

थांबली नव्हती. तेवढं वर्णन खरं होतं. आतून चाकांचा आवाज अखंड येत होता. लांब जाणारा, बारीक होत जाणारा, मग कुठेतरी वळण घेऊन पुन्हा जवळ येणारा. सत्तर सेंटिमीटरच्या प्लॅस्टरच्या पोटात वळण घ्यायला जागा नव्हती.

डोंगर काढून ठेवला की गाडी शहाण्यासारखी फेरे घालायची, सेकंदाचाही फरक नाही. डोंगर ठेवून दुसरी गाडी सोडली तर तीही शहाण्यासारखी. ही गाडी आणि बोगदा एकत्र आले, की मात्र तसं व्हायचं.

रविवारी वसुधाबाई तुलसी नगरला मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेल्या होत्या. गाडी आत गेल्याला पाच मिनिटं झाली होती. नेवासकरांनी डोंगर दोन्ही हातांनी धरला आणि उचलला.

खाली रूळ होते. सरळ, स्वच्छ, रिकामे. गाडी नव्हती. आणि आवाज येत होता. चाकं फिरत होती. उघड्या रुळांवर, दुपारच्या उन्हात, त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर काहीच नव्हतं आणि त्यातून आवाज येत होता.

डोंगर हातात तसाच धरून ते किती वेळ उभे राहिले, त्यांना कळलं नाही. मग अलगद, झोपलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसा, त्यांनी तो जागेवर ठेवला. आवाज जवळ येऊ लागला. इंजिन बाहेर आलं. डब्यांना हात लावला तर ते फ्रिजमधून काढल्यासारखे गार होते.

५

त्यांनी बायकोपासून आजवर काही लपवलं नव्हतं. रात्रीच्या जेवणाला बसता बसताच सांगून टाकलं. ती घाबरेल, निदान हसेल तरी, असं त्यांना वाटलं होतं.

"मला माहीत आहे," वसुधाबाई म्हणाल्या.

"काय माहीत आहे?"

"आत उशीर होतो ते. तुम्ही दुपारी आडवे होता तेव्हा मी लावते ना गाडी. अहो, मला वाटलं, गाडीच तशी आहे." त्यांनी पोळीचा तुकडा हातातच धरला. "तुम्हाला बोलणं ऐकू येत नाही का?"

मोटरींच्या परीक्षणशाळेत छत्तीस वर्षं काढलेल्या नेवासकरांच्या कानांना बारीक आवाज आता येत नसत. पाखरं, कुकरची शिट्टी, टेलिफोनची घंटा, सगळं वसुधाबाई त्यांना सांगायच्या. जाड, घरघरणारे आवाज तेवढे त्यांच्या वाट्याचे राहिले होते.

"कसलं बोलणं?"

"डब्यात बसलेली माणसं बोलतात तसं. शब्द नाही कळत. पण एक बाई आहेत, त्या मराठी बोलतात." त्यांचा चेहरा उजळला होता. "इतक्या वर्षांत या रस्त्यावर आपण दोघंच मराठी उरलोय हो. तो आवाज आला ना, की बरं वाटतं."

"वसू, उद्या ही गाडी खोक्यात घालतो मी."

"चार दिवस राहू द्या."

नेवासकरांनी राहू दिली. चाळीस वर्षांत तिने स्वतःसाठी फारसं काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं ते हे. रात्री त्यांनी विकणाऱ्याला लिहिलं: आपलं वर्णन दिशाभूल करणारं आहे. गाडी बोगद्यात थांबत नाही हे खरं, पण वेळेवर बाहेर येत नाही हेही लिहायला हवं होतं. कृपया फोन करावा. खाली आपला नंबर दिला.

६

फोन आला तो बुधवारी, दुपारी तीनला. नेवासकर पिपलानीच्या बाजारात मटार घेत होते. आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, घोगरा, म्हणून नीट ऐकू आला.

"मी गोविंद मोघे. अमरावतीहून. आता किती वेळ लागतो तिला?"

ना नमस्कार, ना चमत्कार. नेवासकर भाजीच्या गाड्यापासून बाजूला झाले. "काल अर्धा तास."

"आमच्याकडे शेवटी अडीच दिवस गेले होते."

"मोघेसाहेब, तुम्ही हे लिहायला हवं होतंत."

"काय लिहिणार? कोणी घेतली असती?" मोघे म्हणाले. "मी एकच खोटं लिहिलं. डब्यांचं. मी घेतली तेव्हा चारच होते."

"आणि पाचवा?"

"आमच्या हिला, लीलावतीला, ती गाडी फार आवडायची. मी बँकेत जाऊन येईपर्यंत ती बोगद्याशी बसून असायची. म्हणायची, आत कुणीतरी रस्ता विचारतं. एक दिवस मी आलो तर तिपाई होती, चष्मा होता. गाडी आत होती. अडीच दिवसांनी बाहेर आली, तेव्हा पाच डबे होते."

भाजीवाला ओरडत होता, "बाबूजी, मटर छोड़ दिये आपने!"

"साहेब," मोघे म्हणाले, "तुमच्याकडे घरी कोण कोण असतं?"

नेवासकरांनी तोवर स्कूटर चालू केली होती.

७

पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात दूध निवत ठेवलं होतं. मागच्या खोलीतून रेग्युलेटरची घुंघुं ऐकू येत होती आणि तिच्यासोबत आणखी एक आवाज.

वसुधाबाई टेबलावर वाकल्या होत्या. गाल रुळांना टेकलेला, आणि उजवा हात बोगद्याच्या उजव्या तोंडात, पार खांद्यापर्यंत.

"हळू या," त्या न वळता म्हणाल्या. "घाबरतील त्या."

"वसू. हात काढ बाहेर."

"त्यांनी धरलाय. अहो, किती गार हात आहे! त्यांनी विचारलं, हे कोणतं स्टेशन? मी म्हटलं, पिपलानी. तर म्हणतात, उतरू का?"

नेवासकर डोंगराच्या डाव्या बाजूला गेले, वाकले. त्या तोंडातून बघितलं तर सत्तर सेंटिमीटरवर पलीकडचा उजेड दिसायला हवा होता, आणि अलीकडे बायकोची बोटं, तिच्या हिरव्या बांगड्या. काही दिसलं नाही. आतून वारा येत होता. ओल्या दगडाचा वास असलेला वारा, त्यांच्या कपाळावरचे केस मागे सारणारा.

डोंगर उचलावा म्हणून त्यांचे हात पुढे झाले आणि तसेच थांबले. रविवारी डोंगर उचलला होता तेव्हा खाली काय दिसलं होतं? काहीच नाही. मग आता तिचा हात कुठे असेल?

त्यांनी तिला कंबरेला धरून ओढलं. अलगद, मग जोराने. "आई गं," ती म्हणाली. हात तसूभरही हलला नाही.

तेवढ्यात दुसरा आवाज वाढला. बारीक आवाज त्यांना ऐकू येत नसत. हा बारीक नव्हता. ज्या आवाजात त्यांनी उभा जन्म काढला होता, त्याचं वजन त्यांना कळत होतं. ती खेळण्यातली गाडी नव्हती. ती खरी होती, भरलेली होती, वेगात होती आणि लांबून या तोंडाकडे येत होती. टेबल थरथरू लागलं. प्लॅटफॉर्मवरची छोटी माणसं आडवी पडली.

नेवासकर बायकोशेजारी गुडघ्यांवर बसले, तिच्या खांद्यावरून हात टाकला आणि बोगद्याच्या तोंडाशी तोंड नेलं.

"लीलावतीबाई," ते म्हणाले.

"त्या गप्प झाल्या," वसुधाबाई कुजबुजल्या.

"लीलावतीबाई, हिला सोडा. हे तुमचं स्टेशन नाही. इथे तुमचं कुणी नाही. गाडी येतेय, तिच्यात बसा. पुढचं स्टेशन तुमचं." त्यांनी तोंड आणखी जवळ नेलं. "गोविंदराव घ्यायला आलेत. प्लॅटफॉर्मवर उभे आहेत. वाट बघताहेत तुमची."

"त्या विचारतात, खरंच?"

नेवासकरांच्या डोळ्यांसमोर त्या विरलेल्या लुगड्याचे तुकडे आले. "खरंच," ते म्हणाले. "मी आत्ताच बोललो त्यांच्याशी."

वसुधाबाई एकदम मागे आल्या, दोघंही फरशीवर आपटली. त्याच क्षणी इंजिन बोगद्याबाहेर आलं. छोटंसं, हातात मावणारं, अगदी कमी आवाजाचं. मागून डबे. पाचव्या डब्याच्या खिडक्या आता दुधी नव्हत्या.

टेबलाच्या कडेशी डोळे असल्यामुळे नेवासकरांना त्या अगदी समोरून दिसल्या. आत दिवा होता. खिडकीशी कुणीतरी मोरपंखी पदर नीट करत, मांडीवरची पिशवी सावरत होतं, उतरायचं जवळ आलं की माणसं करतात तसं. तिच्या मागे डबा लांबच लांब होता. बोटभर नाही, लांबच लांब. मग मान वर झाली आणि नेवासकरांकडे बघून, ओळख पटल्यासारखी, हलकेच हलली.

रेग्युलेटर हाताशी होता. गाडी प्लॅटफॉर्मजवळून जात होती; थांबवली असती तर तिथेच थांबली असती. नेवासकरांनी थांबवली नाही. वळण घेऊन ती डाव्या तोंडाशी आली, आत गेली, पाचवा डबा गेला. त्यांनी उठून डोंगर उचलला, दाराबाहेर नेला, अंगणात टाकला आणि हातोडीने त्याचा भुगा होईपर्यंत थांबले नाहीत. परत आले तेव्हा रूळ रिकामे होते. आवाज लांब लांब जात होता. पाचेक मिनिटांनी तोही येईनासा झाला.

संध्याकाळपर्यंत ते बायकोचा उजवा हात आपल्या दोन हातांत धरून बसले. मनगटावर चार बोटांचे पांढरे ठसे होते, बर्फाने उठतात तसे.

"तुम्ही खोटं बोललात त्यांच्याशी," अंधार पडताना वसुधाबाई म्हणाल्या.

"दुसरं काही सुचलं नाही मला."

"बरं केलंत." मग बऱ्याच वेळाने, "पण त्या बिचाऱ्या सामान आवरून बसल्या असतील हो."

८

मनगटावरचे ठसे आठ दिवसांत गेले. हात मात्र गारच राहिला. वसुधाबाई त्यात हातमोजा घालत आणि डाव्या हाताने फळ्यावर लिहायला शिकल्या. मागच्या खोलीत नेवासकरांनी पुन्हा गाडी लावली नाही. टेबलावर आता वर्गाच्या वह्या तपासायला पडत. लिलावाच्या साइटवरचं नाव त्यांनी काढून टाकलं. मोघ्यांना फोन करावा असं रोज वाटायचं आणि काय सांगायचं ते कळायचं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला. दोघं ओट्याशी बसून मटार सोलत होती.

"नेवासकरसाहेब, तुम्ही तिला काही सांगितलंत का?"

नेवासकरांनी बायकोकडे पाहिलं. मग एका दमात सगळं सांगितलं.

"मी वाट बघत नव्हतो हो," मोघे म्हणाले. "वाट बघवेना, म्हणून तर गाडी विकली."

"मला माहीत आहे. चुकलं माझं."

"आठवड्यापासून भिंतीतून आवाज येतोय. कपाटामागच्या. रोज थोडा जवळ." त्यांचा आवाज पोरासारखा झाला होता. "तुम्ही सांगून बसलात ना, मी आलोय म्हणून? मग आता उभं राहायला हवं. दाढी केलीय सकाळीच. पोहे भिजवलेत. तिला माझ्या हातचे आवडत नाहीत, पण असू दे."

"मोघेसाहेब, ऐका. तुम्ही घराबाहेर पडा. आत्ता."

"थांबा. थांबा हं," मोघे म्हणाले, आणि फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज झाला.

नेवासकरांनी फोन कानाला घट्ट धरला. घरघर आली, मोठी झाली, इतकी मोठी की फोन हातात थरथरला. मग ब्रेक लागले. लोखंडावर लोखंड घासत, लांबवर, एकेक डबा करत ती गाडी उभी राहिली. एक दार उघडलं. कुणीतरी खाली उतरलं. मोघे काहीतरी म्हणाले, त्यात 'ये' एवढंच कळलं, आणि त्यांचा आवाज रडताना फुटतो तसा फुटला.

"आल्या का त्या?" वसुधाबाईंनी ओठांनीच विचारलं. हातमोजा घातलेला हात त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला होता.

पलीकडे दुसरं दार उघडलं. मग तिसरं. फरशीवर पावलं उतरू लागली, जड पावलं, एकामागून एक, मुकाट्याने. दारं उघडतच राहिली. मोघ्यांचा आवाज आता येत नव्हता. पावलं थांबत नव्हती.

नेवासकरांनी फोन बंद केला.

"आल्या," ते म्हणाले.

"सुखरूप?"

"हो."

वसुधाबाईंनी डोळे पुसले, आणि सोललेले चार दाणे उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले.